पाळण्यापाशी बसलेली बाई: फ्रेंच चित्रांतल्या आया

तिठ्यावरची · रविवार, २२:४०

माझं बाळंतपण करायला आई सांगलीहून इकडे, पॅरिसजवळ आमच्याकडे आली होती. हळीव, डिंक, वेखंड, बाळंतशोपा, सगळं दोन बॅगांत कोंबून. जवळजवळ तीन महिने तिने पॅरिस पाहिलं ते आमच्या बाल्कनीतून. परत जायच्या आधी एक तरी ठिकाण दाखवावं म्हणून ओर्से संग्रहालयात नेलं. महिन्याचा पहिला रविवार, प्रवेश फुकट, त्यामुळे रांग ही एवढी. लेक बाबागाडीत झोपलेली. (ती झोपली म्हणूनच ही सहल झाली, हे आयांना वेगळं सांगायला नको.)

आत फ्रेंच चित्रकर्ती बर्थ मोरिसोच्या 'पाळणा' ह्या चित्रापाशी आई थांबली. १८७२ चं चित्र. ५६ बाय ४६ सेंटिमीटर, म्हणजे काखेत मारून नेता येईल एवढंच. डावीकडे काळसर पोशाखातली बाई, गळ्यात काळी फीत, एक हात गालाला. उजवीकडे पाळणा, त्यावरून खाली आलेली पांढरी झिरझिरीत जाळी आणि जाळीआड निजलेलं बाळ. आई म्हणेल "किती गोड!", असं मला वाटलं होतं. सगळे तेच म्हणतात; पोस्टकार्डांवर आणि मगांवर हे चित्र त्याच भावात विकलं जातं. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दमलीय गं ही. बाळ निजलंय, आता उठावं की बसून राहावं ते हिला कळत नाहीये."

ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसले, लेक मांडीवर आणि फोन एका हातात. चित्रातली बाई म्हणजे बर्थची सख्खी बहीण एदमा, पाळण्यात तिची दुसरी मुलगी ब्लान्श. इथवर मला माहीत होतं. एदमा स्वतः चित्रकार होती, हे नव्हतं माहीत. दोघी बहिणी एकत्र शिकल्या. त्यांचे शिक्षक गिशार ह्यांनी त्यांच्या आईला आधीच बजावलं होतं की ह्या मुली हौसेपुरत्या थांबणाऱ्या नाहीत, खऱ्या चित्रकार होतील, आणि तुमच्यासारख्या घरात ही क्रांतीच, जवळजवळ अनर्थच म्हणायचा. त्या माउलीने तरीही शिकू दिलं. लूव्रमध्ये बसून जुन्या चित्रांच्या नकला, मग चित्रकार कोरोच्या हाताखाली उघड्यावर निसर्गचित्रं. १८६४ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, दोघींची चित्रं लागली. १८६९ ला एदमाचं नौदलातल्या अधिकाऱ्याशी लग्न झालं, ती लोरियांला गेली आणि तिचं चित्र काढणं थांबलं. तिकडून ती बर्थला लिहिते की मनाने मी तुझ्याबरोबर तुझ्या स्टुडिओतच असते.

तीन वर्षांनी तिच्याच बाळाच्या पाळण्यासमोर बर्थ रंग घेऊन बसली. शेजारी शेजारी चित्रं काढलेल्या दोघी, त्यातली एक आता चित्रात आणि एक चित्राबाहेर. आणि जी बाहेर आहे तिला तेव्हा ना नवरा, ना मूल. कोणाला कोणाचा हेवा वाटत असेल, मला काही ठरवता येत नाही.

एदमाचा दुसरा हात बघा. तो पाळण्याच्या कडेला जाळीवर आहे. ती जाळी आपण बघणारे आणि बाळ ह्यांच्या मध्ये ओढून घेतेय. आईला ती अर्थातच मच्छरदाणी वाटली. मला वाटलं, डास आपणच. एवढे रांग लावून आलेलो.

१८७४ मध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत इंप्रेशनिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या वळणाच्या चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तिथे हे चित्र लागलं होतं. विकलं गेलं नाही. घरातच राहिलं आणि १९३० ला लूव्रने घेतलं.

तर धागा काढायचं कारण: फ्रेंच चित्रांत अशा गप्प घरांतल्या आया खूप आहेत. मला शार्दाँची 'जेवणाआधीची प्रार्थना' आवडते (१७४०, लूव्र). तुम्हाला कुठली माहीत आहेत? आणि त्या तुम्हाला शांत वाटतात, की नुसत्या गप्प?

शिळोप्या · रविवार, २२:५८

वाचनखूण साठवली. आईंना नमस्कार सांगा. त्यांचं वाक्य संग्रहालयाने चित्राखाली लावायला हरकत नाही.

खडूचा डबा · रविवार, २३:३१

फार छान लिहिलं आहेत. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, त्यामुळे थोडी मास्तरकी करतो.

एदमाचा गालाला लावलेला हात कोपरात दुमडलेला आहे ना? आता बाळाचा हात बघा. तोही तसाच दुमडून डोक्यापाशी गेलेला, आरशात उलटा दिसावा तसा. आईच्या नजरेपासून बाळाच्या मिटल्या डोळ्यांपर्यंत एक तिरकी रेघ जाते. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी हे चित्र दाखवायचो ते ह्या रेघेसाठी. ती दमलेली आहे हे मात्र एकाही मुलाने सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसलं नव्हतं.

ह्याच दोन बहिणींचा आणखी एक किस्सा आहे. 'चित्रकाराची आई आणि बहीण' हे बर्थचं मोठं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, १८६९-७० चं. त्यात आई पुस्तक वाचतेय आणि शेजारी सैलसर पांढऱ्या झग्यात एदमा. ती तेव्हा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, पण झगा असा रंगवलाय की कळू नये. सलोंला चित्र पाठवायच्या दिवसांत बर्थला ते पसंत पडेना. चित्रकार एदुआर माने बघायला आला, म्हणाला ठीक आहे, आईच्या झग्याचा खालचा भाग तेवढा जरा... आणि कुंचला हातात घेतला. झग्यावरून तो अंगावर गेला, अंगावरून डोक्यावर, डोक्यावरून मागच्या भिंतीवर. थांबेचना. आईची अख्खी आकृती त्याने आपल्या हाताने रंगवून टाकली. खाली गाडी चित्र न्यायला उभी. बर्थने हे सगळं चिडून एदमाला पत्रात कळवलंय.

मुलांच्या चित्रावर हात चालवायची सवय मलाही होती. हे वाचल्यावर सोडली.

बोरकूट · सोमवार, ०९:१२

लेख आवडला, पण एक शंका. ह्या बाईला दमायला काय झालं? घरात मोलकरीण, स्वयंपाकीण, दाई. जाळी ओढली की झाली आई! पॅरिसच्या श्रीमंत घरातली ही 'शांतता' कोणाच्या तरी पगारावर उभी होती. ती पगारी बाई चित्रात दिसत नाही, म्हणून चित्र शांत दिसतं. आपल्याकडेही बाळाला न्हाऊ घालणारी बाई फोटोच्या वेळी बाजूला होते, तसंच हे.

तिठ्यावरची · सोमवार, १३:२०

बोरकूट, तुमचं खरं आहे. पण ती पगारी बाई चित्रात आणलीय, आणि आणणारी मोरिसोच.

१८७४ च्या डिसेंबरात बर्थने मानेच्या भावाशी, युजेनशी लग्न केलं. १८७८ च्या नोव्हेंबरात मुलगी झाली, ज्यूली. त्यामुळे १८७९ च्या इंप्रेशनिस्टांच्या प्रदर्शनात तिचं चित्र नव्हतं. ज्यूलीला अंगावर पाजायला आंजेल नावाची दाई ठेवली होती, आणि बर्थने आंजेल ज्यूलीला पाजतानाच रंगवली. म्हणजे चित्रातली बाई पैसे घेऊन दूध पाजतेय आणि समोर बाळाची खरी आई आपलं काम करतेय. दोघी कामावर! कलेच्या अभ्यासकांनी ह्यावर पुष्कळ लिहिलं आहे. चित्र बघाल तर चेहरा जवळजवळ नाहीच. नुसते भराभर मारलेले पांढरे-हिरवट फटकारे, मूल उठायच्या आत संपवायचं असल्यासारखे.

त्या काळी तिथे दाई हा मोठा धंदा होता. गरीब बायका आपलं मूल गावी ठेवून पॅरिसला दूध विकायला यायच्या, आणि शहरातली कितीतरी मुलं खेड्यात दाईकडे वाढवायला पाठवली जायची, त्यातली फार दगावायची. त्यावर देखरेख ठेवणारा कायदा डिसेंबर १८७४ मध्ये झाला, रूसेल नावाच्या डॉक्टर-खासदाराच्या नावाने ओळखला जातो. बर्थचं लग्न आणि हा कायदा एकाच महिन्यातले.

तरी आईचं वाक्य मी मागे घेत नाही. :) दाई असूनही दमता येतं.

अण्णा_७१ · सोमवार, १६:०५

शहरातल्या बायकांचं पुष्कळ झालं. बार्बिझाँ गावात राहणाऱ्या मिले ह्या चित्रकाराची एक आई सांगतो.

उंबऱ्यावर तीन पोरं ओळीने बसलेली, पायांत लाकडी खडावांसारखे जोडे. आई समोर बुटक्या स्टुलावर, पुढे झुकून लाकडी चमच्याने मधल्याला भरवतेय. बाजूची दोघं आपल्या पाळीची वाट बघतायत. आपल्यालाही काही मिळेल म्हणून एक कोंबडी पळत येतेय. मागे वाडीत बाप खणतोय, बोटभर दिसतो. चित्र १८६० च्या सुमाराचं, लील शहराच्या संग्रहालयात आहे. फ्रेंच नावाचा अर्थ पक्षीण पिलांना चोचीने चारा भरवते तो घास. आपल्या 'काऊचा घास, चिऊचा घास'च्या जवळचंच. मिलेने स्वतःच म्हटलंय की हे घरटं आहे आणि मागचा माणूस त्यांच्यासाठी खपतोय.

मिलेला नऊ मुलं. त्यामुळे पोरं ओळीने कशी बसतात हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही सहा भावंडं. आमची आई एकाच ताटात भात कालवून ओळीने सगळ्यांना भरवायची, आणि माझी पाळी आली की ताटातलं वरण संपलेलं असायचं, अशी माझी साठ वर्षांची तक्रार आहे.

नीरा · सोमवार, १७:४८

अण्णा :D

मेरी कसाटचं नाव अजून कसं आलं नाही? 'मुलीची आंघोळ', १८९३, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मी पाच वर्षं त्या शहरात होते, दर हिवाळ्यात दोन-तीनदा तरी जाऊन बघायचे.

उभ्या पट्ट्यांच्या झग्यातली बाई, मांडीवर उघडी मुलगी, कमरेला पंचा. बाईचा मोठा, कामाचा हात मुलीचं पाऊल घमेल्यात धरून धुतोय. मुलीचा एक हात बाईच्या गुडघ्यावर गच्च रोवलेला, पडू नये म्हणून. दोघींची तोंडं जवळजवळ टेकलेली आणि दोघी खाली पाण्यात बघतायत. आपल्याकडे कोणी बघतच नाही. आपण वरून, माळ्यावरून डोकावल्यासारखे. हे वरून बघणं जपानी छापचित्रांतून आलं. १८९० ला पॅरिसच्या कलाशाळेत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, ते बघून कसाटने स्वतः दहा रंगीत छापचित्रांचा संच केला. त्यातही आंघोळ आहे, पापा आहे, आणि आई-मूल तर आहेतच.

मला नेहमी आजी आठवते. पाटावर पाय लांब सोडून बसायची आणि पायांवर बाळ पालथं घालून तेल चोळायची. बाळ गळा काढून रडायचं. कसाटची मुलगी रडत नाही, एवढाच काय तो फरक. :)

बोरकूट · सोमवार, १८:१०

कसाट अमेरिकन. धाग्याचा विषय फ्रेंच चित्रं.

नीरा · सोमवार, १८:१९

जन्म पेनसिल्व्हेनियाचा, मान्य. १८७४ पासून मुक्काम पॅरिसला, इंप्रेशनिस्टांच्या चार प्रदर्शनांत भाग, मरण १९२६ ला फ्रान्समधल्याच स्वतःच्या घरी. नियमावर बोट ठेवायचं तर ठेवा.

आणि आणखी एक. तिने लग्न केलं नाही, मूल नव्हतं. चित्रांतल्या पुष्कळशा 'आया' म्हणजे मांडीवर मूल घेऊन बसायला बोलावलेल्या बायका, कित्येकदा घराजवळच्या गावातल्या. चित्रकार देगा तर तिच्या एका चित्राला म्हणाला होता की हा बाळ येशू आणि त्याला सांभाळणारी इंग्लिश बाई. म्हणजे तुमची पगारी बाई इथेही आहेच. पण कोण कोणाची आई ह्यापेक्षा तो पाऊल धरलेला हात खरा आहे ना?

बोरकूट · सोमवार, १८:३३

हात खरा आहे. बोट काढलं.

दोडका · सोमवार, २०:४४

एक बाप म्हणून विचारतो. आमची काही सोय आहे का ह्या चित्रांत? की मिलेसारखं मागे खणतच बसायचं?

खडूचा डबा · सोमवार, २१:१५

आहे आहे. 'बूजिव्हालच्या बागेत युजेन माने आणि त्याची मुलगी', १८८१, पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयात. बाप बाकावर बसलाय, मांडीवर मुलीचा खेळ घेतलाय आणि ती त्या खेळात रमलीय. त्याला हलायची सोय नाही. टोपी घातलेलं टेबलच म्हणा ना! चित्र काढणारी अर्थातच आई. बाप मूल सांभाळतोय म्हणून तिला रंगवता आलं.

मुक्कामपोस्ट · सोमवार, २३:५२

मूळ प्रश्न शांत की गप्प असा होता, त्यावर.

माझी आई गिरगावात चाळीत ब्लाउज शिवायची. दीड खोली. मशीन खिडकीशी, आम्ही मशीनखाली. म्हणून मला वुइयारची चित्रं ओळखीची वाटतात. त्याची आई विधवा, घरातच कॉर्सेट शिवायचा धंदा. तेच घर, तोच कारखाना. तो तिच्याबरोबर राहिला ती १९२८ मध्ये जाईपर्यंत. तोवर तो साठ वर्षांचा झाला होता. लग्न नाही. माझी आई हीच माझी स्फूर्तिदेवता, असं म्हणायचा. आणि त्याने तिला किती वेळा रंगवली! शिवताना, जेवताना, खिडकीशी, पाठमोरी.

पण एक चित्र बघा. 'चित्रकाराची आई आणि बहीण', साधारण १८९३, न्यूयॉर्कच्या मोमा ह्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात. (वर मोरिसोचंही ह्याच नावाचं आलंय.) मधोमध आई, काळ्या कपड्यात, गुडघे फाकवून, हात मांडीवर रोवून बसलेली. पोलीस ठाण्यातल्या हवालदारासारखी. बहीण मारी भिंतीला चिकटलेली. तिच्या चौकड्यांच्या झग्याची नक्षी आणि भिंतीवरच्या कागदाची नक्षी एकमेकांत अशी मिसळलीय की पोरगी भिंतीत जिरत चाललीय असं वाटतं. मान वाकवलेली, जणू सरळ उभी राहिली तर चित्राच्या चौकटीला डोकं लागेल. जमीन तिरकी, सगळं आईच्या बाजूला घसरतंय.

ह्या घरात कोणी ओरडत नाही. आमच्याही घरात कोणी ओरडत नसे. माझी मोठी बहीण दहावीनंतर काजं-बटणं करायला बसली, आणि तिचं शिक्षण कसं सुटलं ह्यावर आमच्याकडे आजवर एकदाही बोलणं झालेलं नाही. आई वाईट होती असं मला म्हणायचं नाही. वुइयारलाही म्हणायचं नसावं, नाहीतर जन्मभर तिच्यासोबत राहिला नसता. पण त्याला बहीण दिसली होती. मला तेव्हा दिसली नव्हती.

शिळोप्या · मंगळवार, ००:२०

मुक्कामपोस्ट, काय बोलू. सावकाश पुन्हा वाचतो.

नीरा · मंगळवार, ०८:०२

काल रात्री मोमाच्या संकेतस्थळावर ते चित्र मोठं करून बघितलं. झोप नाही आली नीट.

(अवांतर: काऱ्येर ह्या चित्रकाराचा उल्लेख फक्त नोंदीपुरता करते. बायकोला आणि मुलांना आयुष्यभर तपकिरी धुक्यात रंगवलं त्याने. त्यावर 'मुलांच्या खोलीत पुन्हा कोणीतरी विडी ओढलेली दिसते' असा विनोद देगाच्या नावावर सांगतात. मला काऱ्येर झेपत नाही. ज्यांना झेपतो त्यांनी लिहावं.)

दोडका · मंगळवार, १०:३६

मूळ धाग्यातल्या शार्दाँवर कोणीच बोललं नाही. काल लेकीला चित्र दाखवलं, ती म्हणाली दोन्ही मुलीच आहेत. मला पुढचं मूल मुलगा वाटतंय. ढोल आहे ना खुर्चीला?

तिठ्यावरची · मंगळवार, १४:५१

दोडका, तुमचं बरोबर, आणि लेकीचंही चुकलं नाही. त्या काळी तिकडे सहा-सात वर्षांपर्यंत मुलग्यांनाही झगाच घालत. खुर्चीला टांगलेला ढोल, म्हणून तो मुलगा असं समजतात. १७४४ मध्ये लेपिसिएने ह्या चित्रावरून खोदचित्र छापलं, त्याखाली चार ओळी आहेत. त्यांचा अर्थ असा की प्रार्थना अडखळत म्हणणाऱ्या धाकट्या भावाला बहीण गालातल्या गालात हसतेय, आणि तो बिनधास्त प्रार्थना उरकतोय, कारण पोटात भूक आहे. ही ओळ वाचेपर्यंत मला ते चित्र फार सोवळं वाटायचं. शार्दाँने हे आणि 'कष्टाळू आई' अशी दोन चित्रं १७४० ला पंधराव्या लुईला नजर केली. त्या दुसऱ्यात आई मुलीला भरतकामातली चूक दाखवतेय, आणि खोदचित्राखालच्या ओळींत ती चक्क रागावते: कालच झालं होतं हे पान, तुझं लक्ष कुठे असतं?

आणखी एक, जे मला परवाच कळलं. शार्दाँची बायको १७३५ ला वारली होती आणि पदरात लहान मुलगा होता. दुसरं लग्न १७४४ चं. म्हणजे ही चित्रं काढली तेव्हा त्याच्या घरात मुलांची आई नव्हतीच.

मुक्कामपोस्ट, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती इतकंच म्हणाली, "त्याच्या बहिणीला हे वाचायला दे म्हणावं."

मुक्कामपोस्ट · मंगळवार, १९:२७

दुवा पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही अजून.

अण्णा_७१ · मंगळवार, २०:१०

येईल. घाई करू नका.

तिठ्यावरची ताई, आईंना शार्दाँ दाखवलात का?

तिठ्यावरची · मंगळवार, २१:३३

प्रत्यक्ष नाही हो अण्णा, लूव्र राहूनच गेलं. ठरवलं होतं त्या दिवशी लेकीला ताप आला. फोनवर दाखवलं. आई बघून म्हणाली, "पोरं बसली पाटावर, ही उभीच. ही जेवणार कधी?"

मग मलाच विचारलं, "तू जेवलीस का?" तेव्हा इथे दुपारचे साडेतीन वाजले होते. मी विषय बदलला.